घरच्या घरी गाडीचं ऑइल-फिल्टर : काय घेतलं आणि त्यातलं काय उपयोगी पडलं

आमची स्विफ्ट २०१८ ची, पेट्रोल, आत्ता ७६ हजार किलोमीटर झालेत. गेल्या तीन वर्षांत चार वेळा तिचं इंजिन ऑइल आणि फिल्टर मी स्वतः बदललंय, निगडी प्राधिकरणात बाबांच्या घरी, पोर्चमध्ये. त्यासाठी एकेक करत बरंच सामान घेतलं, त्यातलं काय घ्यावं आणि काय अजिबात घेऊ नये ते आज सविस्तर लिहिते, कारण मी घेत होते तेव्हा मराठीत असं कुठे वाचायला मिळालं नाही आणि त्यात माझे जवळपास तीन हजार रुपये उगाच गेले.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. ४६ हजारला गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती, गॅरेजचं नाव नाही घेत. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, सगळं आयुष्य इंजिनांत गेलं, ते म्हणाले पाठवायच्या आधी फिल्टरवर खूण करून ठेव. मी खाली वाकून फिल्टरच्या बुडावर लाल नेलपेंटचा ठिपका दिला. संध्याकाळी गाडी आली, बिलात ऑइल फिल्टरचे पैसे लावलेले, बाबांनी बॅटरी मारली तर ठिपका होता तिथेच. मला खूप वाईट वाटलं, पैशांचं नाही, फिल्टर शंभर-सव्वाशे रुपयांचा असतो, पण त्या गाडीत मी लेकीला बसवून ताम्हिणी उतरते आणि आत काय घातलंय हे मला माहीतच नाही ही गोष्ट मनाला लागली. बाबा एवढंच म्हणाले, "तू कर, मी बसतो इथे खुर्ची टाकून." तेव्हापासून हे चालू आहे.

आता सामान. पहिलं म्हणजे रॅम्प, ज्यावर पुढची दोन चाकं चढवायची. लोखंडी जोडी घेतली, साधारण चार हजारांना. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नका, गाडीबरोबर जो जॅक येतो तो फक्त चाक बदलण्यापुरता असतो, बाबांनी पहिल्याच दिवशी मला हे तीन वेळा सांगितलं. हायड्रॉलिक जॅक असेल तर खाली घोडे, म्हणजे वजन पेलणारे लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय नाही. रॅम्पचा फायदा हा की वजन थेट लोखंडावर बसतं, सटकायला काही राहत नाही. पण दोन अडचणी आल्या त्या लिहायलाच पाहिजेत. पोर्चला गुळगुळीत फरशी असेल तर गाडी चढताना रॅम्पच पुढे सरकतो, पहिल्यांदा चाक लागताच दोन्ही रॅम्प हातभर पुढे गेले. त्याच्यावर उपाय म्हणजे खाली जुन्या रबरी मॅटचे तुकडे, ते घातल्यापासून जागचे हलत नाहीत. दुसरं, रॅम्पचा चढ उभा असला की स्विफ्टचा बंपर आधी टेकतो, म्हणून रॅम्पच्या पुढे एकेक लाकडी फळी टाकून चढ लांबवावा लागतो. गाडी चढली की हँडब्रेक, पहिला गिअर, आणि मागच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून विटा. गाडी चढवताना समोर कुणी उभं राहू नये, बाजूला उभं राहून हात दाखवायचा. एवढं करून मी चार वेळा खाली आडवी झालेय आणि मनात धाकधूक राहिली नाही, म्हणून रॅम्पला माझ्याकडून पूर्ण मार्क.

ऑइल गरम असेल तर पातळ होऊन सगळं खाली येतं पण फार गरम असेल तर हात भाजतो, म्हणून मी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवते आणि बंद करून दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात कपडे बदलून होतात आणि ऑइल भरायचं झाकण उघडून ठेवते, म्हणजे वरून हवा जाते आणि धार नीट लागते. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं, त्याच्या बोल्टखाली ठेवायला पसरट ट्रे घेतला पाचशेचा, सहा लीटरचा आहे, ओतायला एका कोपऱ्यात चोच आहे. आधी घरातलीच जुनी पाटी वापरणार होते, बरं झालं नाही वापरली, कारण बोल्ट निघाल्यावर पहिली धार सरळ खाली पडत नाही, तिरकी जवळजवळ वीतभर लांब जाते आणि मग जसजसं ऑइल कमी होतं तसतशी धार मागे मागे येते. ट्रे मोठाच घ्या, आणि खाली पुठ्ठा अंथरा, पाचशेत डोक्याला ताप राहत नाही.

आता मुख्य गोष्ट, टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट ठरलेल्या मापाएवढाच आवळता येतो असा पाना. ही वस्तू मी सगळ्यात शेवटी घेतली आणि खरं तर सगळ्यात आधी घ्यायला हवी होती.

गाडीचा चेंबरचा बोल्ट किती आवळायचा याचं माप असतं, आमच्या इंजिनाला ३५ न्यूटन मीटर. म्हणजे वीतभर लांब, साधारण २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर १४ किलोचा जोर, बस. १४ किलो म्हणजे फार नाही, लहान गॅस सिलेंडर उचलल्यासारखं. पण गॅरेजमध्ये पोरं लांब दांडा लावून अंगाच्या जोराने आवळतात, त्यात सोडवताना बोल्टची टोकं गोल होतात नाहीतर चेंबरचे आटे जातात, आणि चेंबरचे आटे गेले की खर्च हजारांत जातो. आमचा बोल्ट पहिल्यांदा सोडवला तेव्हा बाबांना सुद्धा दोन्ही हात लावावे लागले. आणि निघाल्यावर बघितलं तर वायसर एक नाही, दोन, एकावर एक चिकटलेले, खालचा पार चपटा होऊन कागदासारखा झालेला. म्हणजे जुना काढायचाच नाही, त्याच्यावरच नवा टाकून आवळायचं. हा वायसर एकदाच वापरायचा असतो, आवळताना तो दबतो आणि दबूनच ऑइल धरतो, वीस रुपयांची वस्तू आहे, दरवेळी नवीन टाका.

पाना घेताना मी आधी चुकीचा घेणार होते. दुकानात अर्ध्या इंचाचा दाखवतात (हे माप पान्याच्या चौकोनी टोकाचं), २८ ते २१० न्यूटन मीटरवाला, चाकांच्या नटांना तो बरोबर आहे, पण ३५ हे माप त्याच्या अगदी तळाला येतं आणि तिथे असे पाने नीट माप दाखवत नाहीत. म्हणून तीन अष्टमांश इंचाचा, १० ते ६० न्यूटन मीटरचा घेतला, २६०० ला, नाना पेठेतून. मूठ फिरवून आकडा लावायचा आणि आवळत जायचं, माप आलं की हाताला टक् असा झटका लागतो, आवाजही येतो, तिथे थांबायचं. काम झालं की आकडा पुन्हा खाली आणून ठेवायचा नाहीतर आतली स्प्रिंग बसते.

बाबांचा या पान्यावर विश्वास नव्हता. त्यांच्याकडे तापरियाचे रिंग पाने आहेत, नाशिकच्या सातपूरचे, माझ्यापेक्षा वयाने मोठे असतील, अजून एकाच्याही रिंगच्या खाचा झिजलेल्या नाहीत. ते म्हणाले, "अगं, हाताला कळतं." मग आम्ही करून बघितलं. त्यांनी आपल्या रिंगने बोल्ट आवळला, मी बोल्टवर आणि चेंबरवर मिळून नेलपेंटची एक सरळ रेघ मारली, मग सोडवून माझ्या पान्याने ३५ वर टक् होईपर्यंत आवळला. रेघ जुळली. अगदी केसभर पुढे गेली असेल, बस. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा वर करून बघितलं आणि पाना हातात घेऊन दोन-तीनदा मूठ फिरवून बघितली. त्यांच्या हाताला जे तीस-पस्तीस वर्षांत कळलं ते माझ्या हाताला कळायला वेळ आहे, तोवर मला पाना पाहिजे. तुम्हालाही पाहिजे. बाकी काही घेतलं नाही तरी चालेल, हा घ्याच.

फिल्टर काढायला टोपीसारखा पाना मिळतो, कपाचा पाना म्हणतात, फिल्टरच्या बुडावर बरोबर बसतो आणि मागून फिरवायला रॅचेटचा दांडा लागतो. साडेतीनशे रुपये. साखळीवाला आणि पट्ट्यावाला पण मिळतो पण स्विफ्टला खालून हात घातल्यावर फिरवायला जागा इतकी कमी की ते निरुपयोगी. घेताना नवा फिल्टर बरोबर न्या आणि दुकानातच बसवून बघा, बुडावरच्या खाचा मोजून जुळल्या पाहिजेत, ढिला बसला तर तो कप फिल्टरवर नुसता फिरत राहतो. आणि हा पाना फक्त काढायला. बसवायला नाही. बसवताना रबराच्या रिंगला बोटाने नवीन ऑइल लावायचं, हाताने फिरवत न्यायचा, रबर टेकलं की तिथून पाऊण फेरा, आमच्या फिल्टरला एवढंच सांगितलंय.

एक गोष्ट विसरू नका, जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर त्याच्याबरोबर आलंय का बघा. कधी कधी ते वर इंजिनालाच चिकटून राहतं, आणि त्याच्यावर नवा फिल्टर चढवला की रबरावर रबर बसतं, गाडी चालू केल्यावर दाबाने ते सुटतं आणि काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर. मी दरवेळी जुना फिल्टर उलटा करून रबर बोटाने चाचपून बघते आणि वर बसायची जागा कापडाने पुसून घेते. तेव्हाच पुढे जाते.

फिल्टर कुठला घ्यायचा यावर मला जास्त लिहायचंय कारण इथेच फसवणूक होते. पहिल्या वेळी मी एक बिननावाचा फिल्टर पण आणला होता, साठ रुपयांना, नुसता बघायला. तो आणि मारुतीचा जुना निघालेला, दोन्ही बाबांनी करवतीने कापले. मारुतीच्या फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या दाट, एकसारख्या, वरपासून खालपर्यंत सरळ. आत तोंडाशी रबराचा एक पातळ पडदा असतो, तो इंजिन बंद असताना फिल्टरमधलं ऑइल परत खाली जाऊ देत नाही, म्हणजे सकाळी स्टार्ट केल्या केल्या ऑइल वर पोचतं. आणि एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, फिल्टर चोंदला तर ऑइल न गाळता का होईना पण इंजिनाला मिळत राहावं म्हणून. साठ रुपयेवाल्यात घड्या विरळ, मध्ये दोन ठिकाणी तर बोट जाईल एवढं अंतर, आणि रबराचा पडदा प्लॅस्टिकसारखा कडक. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात, रंग पण सारखा. साठ रुपये वाचवायला जाऊ नका, मारुतीचाच घ्या, अधिकृत पार्टसच्या दुकानातून बिलासकट.

ऑइलचं पण तेच. आमच्या मॅन्युअलात ०डब्ल्यू-२० दिलंय. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, पहिला आकडा थंडीत ते किती पटकन वाहतं त्याचा आणि दुसरा इंजिन तापल्यावर, १०० अंशाला, ते किती घट्ट राहतं त्याचा. खूप जण म्हणतात आपल्याकडे गरम होतं, जाड ऑइल टाका, २०डब्ल्यू-५० टाका. टाकू नका. या इंजिनातल्या फटी बारीक आहेत, पातळ ऑइलसाठीच बनवलंय, आणि इंजिन आत किती तापतं ते थर्मोस्टॅट, म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह, ठरवतो, चाकणचं ऊन नाही. डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी (या ऑइलच्या दर्जाच्या खुणा) लिहिलेलं बघा, एसपी हे नवं, २०२० पासूनचं. साडेतीन लीटरचा डबा येतो, साधारण अठराशेचा, आणि फिल्टरसकट लागतं ३.१ लीटर. सगळा डबा ओतायचा नाही. मी आधी पावणेतीन ओतते, एक मिनिट इंजिन चालू करून ऑइलचा दिवा विझला का आणि खाली कुठे गळतंय का बघते, मग गाडी रॅम्पवरून उतरवून सपाट जागी लावते, पाच मिनिटांनी ऑइलची पातळी बघायची पट्टी काढून पुसून परत घालून बघते, मग थोडं थोडं. वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका, जास्त झालं तर क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, ऑइलमध्ये आपटून फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही. पट्टी वाचायला घाई नको, नवं ऑइल मधासारखं पारदर्शक असतं, उजेडात तिरकी धरल्याशिवाय रेघ दिसतच नाही.

आणि आता जे घेऊ नये ते. हाताने मारायचा व्हॅक्यूम पंप, २८०० ला घेतला होता. पट्टीच्या भोकातून बारीक नळी आत सोडायची आणि पंप मारून ऑइल वरच्या वर ओढून घ्यायचं, गाडीखाली जायलाच नको, असं त्याचं वर्णन. मी वाकडला फ्लॅटमध्ये राहते, सोसायटीत खाली झोपून काम करायला परवानगी नाही, आणि ती नाही हे बरोबरच आहे, ऑइल सांडलं तर बाकीच्यांच्या गाड्या आणि मुलं, म्हणून मला वाटलं हे वरच्या वर होईल. पंप खराब नाही. पंधरा मिनिटांत ओढतो, हाताला थेंब लागत नाही. पण बाबांच्या घरी पंपाने ओढून झाल्यावर मी मुद्दाम बोल्ट उघडून बघितला तर आणखी जवळपास पाव लीटर निघालं, आणि ते तळाचं, सगळ्यात काळं. ते एक वेळ चालेल म्हणू, पण स्विफ्टचा फिल्टर खालूनच निघतो, मग तसंही खाली जायचंच आहे तर पंपाचा उपयोग काय? ज्यांच्या गाडीचा फिल्टर बोनेट उघडल्यावर वरूनच निघतो, बऱ्याच मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूंना असतो तसा, त्यांनी जरूर घ्यावा. मारुतीवाल्यांनी नाही. माझा शेजारच्या काकूंना देऊन टाकला, त्यांच्या गाडीला चालतो.

हिशोब विचाराल तर सरळ सांगते, पैसे वाचवायला म्हणून हे करू नका. ऑइल, फिल्टर, वायसर मिळून दोन हजाराच्या आत होतं आणि बाहेर मला तेवढ्याच कामाचे साधारण साडेचार हजार लागत होते, चार वेळचे दहा हजार वाचले. सामानाला पंप सोडून साडेसात हजार गेले, पंप धरला तर सव्वादहा. म्हणजे आत्ता कुठे बरोबरीत आलेय. वेळ पहिल्यांदा साडेतीन तास लागला, आता दीड. गाडी वॉरंटीत असेल तर तर अजिबात नको, तिथेच करा. आणि ज्यांना खाली आडवं झाल्यावर भीती वाटते त्यांनी कुणाच्या आग्रहाखातर करू नये, चांगल्या गॅरेजला समोर उभं राहून करून घ्यावं, जुना फिल्टर मागून घ्यावा, तोही तितकाच चांगला मार्ग आहे.

शेवटचं जळक्या ऑइलबद्दल, हे कृपया वगळू नका. तीन लीटर काळं ऑइल निघतं आणि ते कुठे टाकायचं याचं उत्तर हातात असल्याशिवाय बोल्टला पाना लावायचाच नाही. गटारीत टाकलं की आमच्याकडे ते सरळ पवनेत जातं, आणि पवना दापोडीला मुळेत मिळते, बाबांच्या वर्कशॉपपासून लांब नाही. ते सांगतात की एसटीत जळकं ऑइल पिंपात साठवून मोजून जायचं, थेंब वाया जात नसे. कायद्याने पण हा धोकादायक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेलं ऑइल परत प्रक्रियेला नेण्याची जबाबदारी टाकलीय. लोक मागायला येतात, स्लॅबच्या सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला, वाळवीसाठी दारा-चौकटीला लावायला. मी देत नाही. त्यात इंजिनातले झिजलेले धातू असतात आणि जळून तयार झालेली अशी द्रव्यं असतात ज्यांनी कॅन्सर होऊ शकतो, ते घराच्या चौकटीला लावून मुलांनी रोज हात लावायचा का. मी रिकाम्या झालेल्या ऑइलच्या डब्यातच नरसाळ्याने परत भरते, फिल्टर रात्रभर ट्रेमध्ये पालथा ठेवून निथळू देते, आणि सगळं चिंचवडच्या एका गॅरेजला नेऊन देते जे ते साठवून अधिकृत रिसायकलवाल्याला देतात. मी दोनदा त्यांची पावती बघायला मागितली, त्यांनी दाखवली. डब्यावर मार्करने "जळकं" लिहून तारीख टाकते, नाहीतर नव्याच्या शेजारी ठेवलेला सारखाच दिसतो. या वेळचा डबा अजून पोर्चच्या कोपऱ्यात आहे, शनिवारी नेणार आहे.